गाडीचा धूर काय सांगतो?

न्यायशास्त्राच्या विद्यार्थ्याला अनुमानाचा धडा धुरावरूनच देतात. डोंगरावर धूर दिसला की तेथे अग्नी असला पाहिजे, हे ते प्रसिद्ध अनुमान. मोटारीच्या सायलेन्सरमधून धूर निघाला म्हणजे आत अग्नी आहे, हे सांगावयास मात्र शास्त्रीबुवांची गरज नाही. इंजिनात तो असावयाचाच. येथे प्रश्न निराळा असतो. आत जळते आहे ते काय? जळावयाचे तेच इंधन, की जळू नये अशी एखादी वस्तू? धुराचा रंग, त्याचा वास आणि तो दिसण्याची वेळ, या तीन गोष्टींवरून या प्रश्नाचे उत्तर पुष्कळसे मिळते. ते शोधण्याचा आळस केला, तर जेथे एक फिल्टर बदलून भागले असते तेथे सगळे इंजिन खोलण्याचा खर्च पदरी येतो.

प्रथम पांढरा धूर घेऊ. इंदूर-ग्वाल्हेरकडे पौषातल्या सकाळी गाडी सुरू केली की सायलेन्सरमधून पांढरे लोट निघतात, त्याच्या टोकाशी पाण्याचे थेंबही जमतात. नवखा मालक घाबरतो. पण घाबरण्याचे कारण नाही. पेट्रोलमधील हायड्रोजनाचा हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन पाणी तयार होते. एक लिटर पेट्रोल जळले म्हणजे जवळजवळ तितकेच पाणी निर्माण होते. थंडगार नळीत ही वाफ निवते आणि धुक्यासारखी दिसू लागते. इंजिन व नळी तापली की हे धुके विरते.

ते विरले नाही, तर मात्र सावध व्हावे. इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर येत असेल, त्याला गोडसर वास असेल आणि कूलंटची पातळी वरचेवर खाली जात असेल, तर बहुधा हेड गॅस्केट फुटून कूलंट सिलिंडरमध्ये शिरत असते. ऑइलच्या झाकणाच्या आतल्या बाजूस दुधाळ साय दिसली, तर संशय बळावतो. अशी गाडी तशीच दामटू नये. इंजिन अति तापून हेड वाकले, की लहान काम मोठे होते. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडण्याचे साहस तर कधीच करू नये, आतले उकळते पाणी अंगावर उसळते. डिझेल गाडीत थंडीतला पांढरा व उग्र वासाचा धूर हा न जळलेल्या डिझेलचाही असतो. तेथे आधी ग्लो प्लग तपासावेत.

आता निळा धूर. निळसर धूर म्हणजे ऑइल जळत आहे. येथे वेळेला फार महत्त्व आहे. बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्यात उतरणारी पेट्रोल गाडी पाहा. उतारावर गाडी गिअरमध्ये असते आणि चालकाचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून निघालेला असतो. हवेची वाट बंद झाल्याने इंजिनाच्या शोषणनळीत मोठी पोकळी निर्माण होते. व्हॉल्व्हची सीले कडक झाली असतील, तर ही पोकळी वरचे ऑइल आत ओढते. पायथ्याशी येऊन अ‍ॅक्सिलरेटर दाबला, की साचलेले ऑइल जळून मागे निळा लोट उठतो. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू करताच निळी फुंकर टाकून स्वच्छ होते, तेव्हाही दोष बहुधा सीलांचाच असतो. उलट, चढावर इंजिनावर भार पडताच धूर वाढत असेल, तर पिस्टन रिंगा झिजल्या असाव्यात.

यांतला निवाडा करण्याची परीक्षा सोपी आहे. मिस्त्रीने सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजावे. कमी भरले तर प्लगच्या छिद्रातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजावे. आकडा स्पष्टपणे वाढला, तर गळती रिंगांतून आहे. न वाढला, तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट पाहावे. मात्र त्याही आधी डिपस्टिक काढून ऑइल खुणेपेक्षा अधिक तर भरलेले नाही ना, क्रँककेसची वाफ वाहून नेणारा व्हॉल्व्ह तुंबलेला नाही ना, हे बघावे. टर्बो असलेल्या गाडीत त्याचीही सीले तपासावीत.

काळा धूर हा अर्धवट जळलेल्या इंधनाचा काजळ होय. एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे 14.7 किलो हवा लागते. हवा कमी पडली किंवा इंधन जास्त झाले, की काजळी धरते. म्हणून पहिली तपासणी एअर फिल्टरची, मग इंजेक्टर व ऑक्सिजन सेन्सरची. जुन्या कार्बुरेटरच्या गाडीत अडकलेल्या चोकची. डिझेलमध्ये टर्बोची फाटलेली नळीही हेच करते. 1 एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या बीएस-6 मानकाच्या डिझेल मोटारींत काजळी अडविणारी गाळणी असते. ती तुंबते म्हणून काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला, तर ऐकू नये. ती काजळी मग रस्त्यावरच्या मुलाबाळांच्या फुप्फुसांत जाते.

शेवटी, जो दिसत नाही त्या धुराविषयी. कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वास नाही. सायलेन्सर स्वच्छ दिसतो म्हणून बंद गॅरेजात इंजिन चालू ठेवणे प्राणावर बेतू शकते. ही परीक्षा नेहमी उघड्यावरच करावी.

वैद्याकडे जाणारा रोगी ताप केव्हा चढतो हे सांगू शकला, तर निदान अर्धे होते. गाडीचेही तसेच आहे. रंग कोणता, वेळ कोणती, किती किलोमीटरमागे किती ऑइल वा कूलंट घटले, हे आठवडाभर टिपून ठेवा आणि तो कागद मिस्त्रीच्या हाती द्या. मग खोलावयाचे ते नेमकेच खोलले जाईल.