निळ्या फुलाची चार शतकांची वहिवाट

आल्प्स, जुरा आणि पिरिनीज या पर्वतांच्या उतारांवरील कुरणांत व विरळ अरण्यांच्या कडेने जे बहुवर्षायू निळे कॉर्नफ्लॉवर आजही आपल्या स्वाभाविक अवस्थेत फुलते, त्याने युरोपातील उद्यानांत प्रवेश केल्याला चार शतके उलटून गेली. या दीर्घ कालखंडाचा मागोवा घेताना मला वारंवार जाणवते ते असे की, हे झाड बागेत आणणे माणसाला फार लवकर साधले. त्याला हद्दीत ठेवणे हे मात्र तो पिढ्यान्‌पिढ्या शिकत आला आहे.

जॉन जेरार्ड याने १५९७ मध्ये लंडनला प्रसिद्ध केलेल्या वनस्पतिग्रंथात, धान्याच्या शेतांत उगवणाऱ्या वर्षायू कॉर्नफ्लॉवरच्या जोडीने, या थोरल्या निळ्या फुलाचीही नोंद आहे. १७५३ साली लिनियसने त्यास ‘सेंटॉरिया मोंटाना’ हे नाव देऊन शास्त्राच्या दप्तरी दाखल केले. आणि विल्यम कर्टिसने १७८७ मध्ये सुरू केलेल्या ‘बोटॅनिकल मॅगझीन’च्या आरंभीच्याच खंडांत त्याचे रंगीत चित्र आले. पुढे उष्णगृहांत वाढविलेल्या नाजूक रोपांचे ताटवे मांडण्याचा सोस इंग्लंडात बोकाळला असता, विल्यम रॉबिन्सनने १८७० च्या ‘द वाइल्ड गार्डन’ या ग्रंथातून त्याविरुद्ध आवाज उठविला, आणि थंडीवाऱ्यास न डगमगणाऱ्या अशा काटक बहुवर्षायू झाडांची बाजू हिरिरीने मांडली.

या फुलाची रचना निरखावी तितकी थोडी. काळ्या झालरीच्या छदांनी वेढलेल्या कळीतून बाहेरच्या बाजूस जी मोठी, विरळ, निळी पुष्पके पसरतात ती वंध्य असून कीटकांना पाचारण करणे एवढेच त्यांचे कार्य; फलधारणेचा भार मधल्या जांभळट पुष्पकांवर असतो, आणि मधमाशीचा स्पर्श होताच त्यांतील पुंकेसरांचे तंतू आकुंचन पावून पराग वर लोटला जातो.

अशा फुलाचे संगोपन करताना औदार्यापेक्षा संयम अधिक कामी येतो. पाण्याचा उत्तम निचरा होणारी बेताच्या कसाची जमीन आणि पूर्ण ऊन अथवा अर्धी सावली एवढ्यावर ते संतुष्ट असते. भरपूर खत घातल्यास पानोरा माजतो, दांडे लांबतात आणि वाऱ्यापावसात आडवे होतात. कोरड्या दिवसांत मुळांशी ओल राहिली नाही तर पानांवर भुरी येते, म्हणून नव्या लावणीस पाणी द्यावे. मे-जूनचा बहर ओसरताच दांडे जमिनीलगत कापावेत. त्यामुळे नवी पालवी फुटते, पुष्कळदा उन्हाळ्याच्या उत्तरार्धात थोडी फुले पुन्हा येतात, आणि बी पडून होणारा प्रसारही आटोक्यात राहतो. दर दोनतीन वर्षांनी वसंतात किंवा शरदात संपूर्ण ठोंब उकरून, मधला थकलेला भाग टाकून द्यावा व कडेचे तरुण फुटवे सुमारे ४५ सेंटिमीटर अंतराने लावावेत. जमिनीखाली सरपटणाऱ्या खोडाचा लहानसा तुकडा मागे राहिला तरी त्यातून नवे रोप उठते, ही गोष्ट मात्र कधी विसरू नये.

तिचा विसर पडल्याचे परिणाम उत्तर अमेरिकेत दिसून आले. तेथे बागेसाठी नेलेले हे झाड कुंपणाबाहेर पसरले आणि कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात त्याची गणना आक्रमक वनस्पतींत होऊ लागली. दरम्यान रोपवाटिकांनी सोनेरी पानांचा ‘गोल्ड बुलियन’, शुभ्र पाकळ्या व जांभळ्या गाभ्याचा ‘अ‍ॅमेथिस्ट इन स्नो’ असे मोहक प्रकार पुढे आणले, आणि त्या फुलाविषयीचा लोभ वाढतच राहिला. तो लोभ मला निंद्य वाटत नाही, कारण जेरार्डच्या पिढीलाही त्यानेच या झाडापर्यंत नेले होते. परंतु आज ज्याला हे निळे फूल आपल्या बागेत हवे असेल, त्याने बी धरण्यापूर्वी दांडे कापण्याचे आणि उपटलेले फुटवे मोकळ्या रानात न फेकण्याचे दायित्व लावणीच्या दिवसापासूनच पत्करले पाहिजे.