लॅपटॉपला स्मृती किती असावी?

चार-पाच वर्षांपूर्वी विकत घेतलेला लॅपटॉप एक दिवस मंद वाटू लागतो. कळ दाबल्यावर अक्षर क्षणभर उशिरा उमटते, एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत जाताना पडदा पांढरा पडतो, आणि डिस्कचा इवलासा दिवा न थांबता लुकलुकत राहतो. शाळेच्या कार्यालयात किंवा सार्वजनिक ग्रंथालयाच्या देवघेवीच्या टेबलापाशी ही तक्रार नेहमीची आहे, आणि तिच्यावर मिळणारा सल्लाही नेहमीचाच असतो: रॅम वाढवा. ती किती वाढवावी, हे मात्र पुष्कळदा दुकानात त्या दिवशी काय शिल्लक आहे यावरून ठरते. वस्तुतः हा प्रश्न मोजमापाचा आहे, आणि ते मोजमाप वरच्या वर्गातील कोणताही विद्यार्थी अर्ध्या तासात करू शकेल. थोडक्या पैशांत यंत्र आणखी काही वर्षे चालणार की ते अडगळीत जाणार, याचा निर्णय पुष्कळदा त्या अर्ध्या तासावर अवलंबून असतो.

प्रथम नावाचा घोटाळा दूर करावयास हवा. संगणकात माहिती दोन ठिकाणी राहते. एक ठिकाण कायमच्या साठ्याचे, म्हणजे हार्ड डिस्क किंवा अलीकडील एसएसडी. वीज गेली तरी तेथील मजकूर टिकून राहतो. दुसरे ठिकाण म्हणजे रॅम. हीच संगणकाची मुख्य स्मृती होय. स्मृती हे नाव काहीसे फसवे आहे, कारण वीज बंद होताच ती सर्व काही विसरते. तिच्यातील प्रत्येक अंक, मग तो एक असो वा शून्य, एका अतिसूक्ष्म धारित्रातील विद्युत्भाराच्या रूपाने साठविलेला असतो. हा भार सतत गळत असतो. म्हणून सामान्यतः दर ६४ सहस्रांश सेकंदाच्या आत तो वाचून पुन्हा भरावा लागतो. निद्रावस्थेत ठेवलेला लॅपटॉपही थोडी थोडी बॅटरी खर्च करतो, त्याचे हे एक कारण आहे. एक ट्रान्झिस्टर आणि एक धारित्र यांची ही सुटसुटीत रचना रॉबर्ट डेनार्ड या अमेरिकन अभियंत्याने शोधून काढली, आणि १९६८ मध्ये त्याला तिचे पेटंट मिळाले.

स्मृती मोजण्याचे एकक बाइट हे आहे. रोमन लिपीतील एक अक्षर साधारणतः एक बाइट जागा घेते. देवनागरीतील ‘क’ हे अक्षर आज महाजालावर रूढ असलेल्या संकेतपद्धतीत तीन बाइट घेते. गिगाबाइट म्हणजे सुमारे १०७ कोटी बाइट. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झालेला टिफ्रॅक हा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला, तेव्हा त्याच्या मुख्य स्मृतीत प्रत्येकी ४० अंकांचे २,०४८ शब्द मावत. आजच्या हिशेबाने ते १०,२४० बाइट होतात. आठ गिगाबाइटांचा साधा लॅपटॉप त्याच्या आठ लाखांहून अधिक पट स्मृती बाळगतो, आणि तरीही त्याला ती अपुरी पडू शकते.

असे का व्हावे, हे ग्रंथालयाच्या दाखल्याने चांगले समजते. वाचकाचे टेबल म्हणजे रॅम आणि तळघरातील कपाटे म्हणजे डिस्क, अशी कल्पना करावी. वाचक केवळ टेबलावरील पुस्तकच वाचू शकतो. कपाटातील पुस्तक आधी वर आणावे लागते. टेबलावर चार पुस्तकांची जागा असून काम सहा पुस्तकांचे असेल, तर प्रत्येक वेळी एक पुस्तक परत पाठवून दुसरे मागवावे लागेल. वाचनापेक्षा वाट पाहण्यातच दिवस जाईल. उलट, काम तीनच पुस्तकांचे असेल, तर टेबल दुप्पट मोठे केल्याने वाचनाचा वेग तसूभरही वाढणार नाही. संध्याकाळी दिवे मालवल्यावर टेबल रिकामे होते, इतपत ही उपमा यंत्राशी जुळते.

तळघरातील खेप किती महाग पडते, हे आकड्यांवरून पाहावे. रॅममधून हवी ती माहिती मिळण्यास सुमारे १०० अब्जांश सेकंद लागतात असे धरू. एसएसडीला त्याच कामासाठी सुमारे १०० दशलक्षांश सेकंद लागतात, म्हणजे हजारपट वेळ. फिरत्या तबकड्यांच्या हार्ड डिस्कला सुमारे १० सहस्रांश सेकंद लागतात, म्हणजे लाखपट. टेबलावरचे पुस्तक उचलण्यास एक मिनिट लागत असेल, तर पहिल्या तळघरातून ते येण्यास जवळजवळ १७ तास लागतील, आणि दुसऱ्यातून येण्यास ६९ दिवस! स्मृती तोकडी पडलेल्या जुन्या लॅपटॉपवर मनुष्य हताश का होतो, याचे उत्तर या एका प्रमाणात आहे.

स्मृती कमी पडल्यास डिस्कचा आधार घेण्याची ही युक्ती नवी नाही. इंग्लंडमधील मँचेस्टर विद्यापीठात डिसेंबर १९६२ मध्ये सुरू झालेल्या अ‍ॅटलास संगणकात १६,३८४ शब्दांची मुख्य स्मृती व तिच्या सहापट मोठा चुंबकीय ढोल होता. माहितीची ५१२ शब्दांची ‘पाने’ पाडून ती आपोआप वर-खाली नेण्याची योजना टॉम किलबर्न व त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. तिच्यामुळे कार्यक्रम लिहिणाऱ्यास सर्व जागा एकसंध भासू लागली. पुढे अनेक कार्यक्रम एकाच वेळी चालू लागले, तेव्हा या योजनेचा एक दोष उघड झाला. अमुक एका मर्यादेपर्यंत यंत्र सुरळीत चालते, आणि आणखी एकच कार्यक्रम सुरू करताच ते जवळजवळ ठप्प होते. पीटर डेनिंग या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६८ मध्ये याचे विवेचन केले. प्रत्येक कार्यक्रमाला कोणत्याही अल्प कालावधीत काही ठरावीक पानांचीच वारंवार गरज पडते; या पानांच्या समूहाला त्याने दिलेल्या नावाचा मराठी अर्थ ‘कार्यसंच’ असा करता येईल. सर्व चालू कार्यक्रमांचे कार्यसंच स्मृतीत मावले की काम सुरळीत चालते. ते मावले नाहीत की यंत्र पाने वर-खाली नेण्यातच गुंतते. उतार हळूहळू लागत नाही, कडाच लागते.

लॅपटॉपच्या खरेदीचा प्रश्न याच ठिकाणी सुटतो. कार्यसंच किती मोठा आहे, एवढेच शोधून काढावयाचे असते. त्यासाठी गर्दीचा दिवस निवडावा. नेहमीचे सर्व कार्यक्रम उघडावेत, महाजालावरील जितकी पाने एरवी उघडी राहतात तितकी उघडी ठेवावीत, आणि तासभर खरोखरीचे काम करावे. विंडोज कार्यप्रणालीत टास्क मॅनेजर उघडून ‘मेमरी’ या विभागात पाहावे. तेथे ‘इन यूज’ या आकड्यावरच बहुतेकांची दृष्टी जाते. तो मोठा दिसला की लोक घाबरतात. परंतु रिकामी स्मृती कोणाच्याच उपयोगाची नसल्याने कार्यप्रणाली पुढे लागेल अशा मजकुराने ती भरत असते, आणि गरज पडताच तो मजकूर सोडून देते. यासाठी ‘अव्हेलेबल’, म्हणजे मागताच मिळू शकेल अशी जागा किती, हे पाहणे अधिक योग्य होय. लिनक्समध्ये ‘फ्री’ ही आज्ञा दिल्यास याच नावाचा रकाना दिसतो. विंडोजमध्ये याच विभागात ‘कमिटेड’ हाही एक आकडा असतो. कार्यक्रमांना कबूल केलेली एकूण जागा तो दाखवितो. मागितलेली सर्व जागा कार्यक्रम वापरतातच असे नाही, म्हणून तो खऱ्या गरजेपेक्षा काहीसा जास्त असतो. अंदाज चुकायचाच असेल, तर तो या बाजूला चुकलेला बरा.

समजा, एका ग्रंथालयाच्या लॅपटॉपमध्ये चार गिगाबाइट स्मृती आहे. त्यातील थोडा भाग चित्र दाखविण्यासाठी राखीव जाऊन ३.७ उरतात. गर्दीच्या तासाला कबूल केलेली जागा ५.८ भरते, ‘अव्हेलेबल’चा आकडा शून्याकडे झुकतो, आणि डिस्कचे काम शंभर टक्क्यांवर खिळून राहते. या तिन्ही खुणा एकत्र दिसल्या की स्मृतीच अपुरी आहे, याविषयी शंका राहत नाही. ५.८ मध्ये पुढील काही वर्षांच्या वाढीसाठी एक चतुर्थांश मिळविला, तर ७.२५ होतात. हा चतुर्थांश शास्त्राचा नियम नव्हे, व्यवहारातला अंदाज आहे. यास्तव या यंत्राला एकूण आठ गिगाबाइट पुरे. सोळा घातल्यास अर्ध्याहून अधिक स्मृती बहुतेक काळ निजून राहील, आणि तिला जाग ठेवण्यासाठी बॅटरीही किंचित अधिक खर्च होईल.

सर्वांचे काम असे हलके नसते. चलच्चित्रांचे संपादन करणारास सोळा किंवा बत्तीस गिगाबाइट लागू शकतात. एका संगणकात दुसरा आभासी संगणक चालविणाऱ्याने त्या दुसऱ्याला द्यावयाची स्मृती सरळ बेरजेत धरावी. स्वतःच्याच यंत्रावर भाषा-प्रारूप चालवू पाहणाऱ्याचा हिशेब तर पाटीवरच होतो: आठ अब्ज गुणांकांचे प्रारूप, प्रत्येक गुणांकास अर्धा बाइट, म्हणजे चार अब्ज बाइट केवळ त्याच्यासाठी.

आकडा ठरला म्हणजे तो यंत्राला मानवतो का, हे पाहावे. पुष्कळशा पातळ लॅपटॉपमध्ये स्मृतीचे तुकडे मुख्य फलकावर डाख देऊन कायमचे बसविलेले असतात. तेथे वाढीला वाव नसतो. असे यंत्र नव्याने घेताना मात्र गरजेपेक्षा एक पायरी वर जाणे शहाणपणाचे, कारण पुढे संधी नाही. ज्यांत खाचा असतात, त्यांत किती खाचा रिकाम्या आहेत हे टास्क मॅनेजरच सांगतो. डीडीआर ३, ४ आणि ५ या पिढ्यांच्या पट्ट्या परस्परांच्या जागी बसत नाहीत. त्यांच्या कडेचा खाचखळगा मुद्दामच निरनिराळ्या ठिकाणी ठेवलेला असतो. जोर लावावा लागला, तर पट्टी चुकीची आहे किंवा उलटी धरली आहे असे समजावे. कमाल मर्यादा यंत्राच्या माहितीपत्रकात असते. जुनी ३२-अंकी विंडोज असेल तर चार गिगाबाइटांपलीकडील स्मृती सामान्यतः वाया जाते, कारण ३२ अंकांत ४२९ कोटींच्या आसपासच पत्ते मावतात. दोन खाचांत सारख्या पट्ट्या असल्यास प्रोसेसर दोन्हींशी एकाच वेळी देवघेव करतो, हा एक अधिकचा लाभ. म्हणून वरील ग्रंथालयाने चाराच्या पट्टीशेजारी तशीच दुसरी चाराची पट्टी बसविणे उत्तम.

पुष्कळदा मोजमापातून स्मृती पुरेशी आहे असेच निघते. दोन गिगाबाइट मोकळे असूनही यंत्र मंद असेल, तर रॅमवर पैसे घालणे व्यर्थ होय. दोष बहुधा फिरत्या हार्ड डिस्कचा असतो, आणि तिच्या जागी एसएसडी बसविल्यास यंत्राला नवे आयुष्य लाभते. विंडोज १० चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. प्रोसेसर जुना असल्यामुळे ज्या यंत्रांना विंडोज ११ स्वीकारता येत नाही, त्यांची ती अडचणही स्मृतीने सुटणार नाही. त्यांच्यासाठी लिनक्सचा विचार करावा. २०२५ च्या उत्तरार्धात रॅमच्या किमती झपाट्याने वाढल्या, त्यामुळे हा विवेक अधिकच गरजेचा झाला आहे.

पट्टी बसविण्यापूर्वी विजेची तार काढावी, बॅटरी सुटी करता येत असल्यास तीही काढावी, आणि धातूला हात लावून अंगातील स्थिर विद्युत् उतरवावी. मग दुसऱ्या गर्दीच्या दिवशी पूर्वीचेच आकडे पुन्हा टिपून घ्यावेत. जुनी पट्टी काढून मोठी बसवावी लागली असेल, तर काढलेली पट्टी फेकून देऊ नये. त्याच पिढीच्या एखाद्या शेजारच्या यंत्रात एक खाच बहुधा रिकामी सापडते.