चक्रवाताचे उपग्रहीय निरीक्षण

उष्ण कटिबंधातील समुद्रावर उद्‌भवणाऱ्या चक्री वादळाचे स्थान, तीव्रता व मार्ग कृत्रिम उपग्रहांवरील उपकरणांच्या साहाय्याने ठरविण्याची पद्धती. पूर्वी भर समुद्रातील वादळाची माहिती मुख्यतः जहाजांकडून मिळे. पण वादळाची चाहूल लागताच जहाजे तो भाग टाळीत. त्यामुळे जेथे माहितीची निकड सर्वाधिक, तेथेच ती तुटपुंजी असे. १ एप्रिल १९६० रोजी अमेरिकेने सोडलेल्या टायरॉस-१ या उपग्रहापासून ही उणीव भरून निघू लागली. भारताने १९८३ मध्ये इन्सॅट-१बी हा उपग्रह कार्यान्वित केला.

विषुववृत्तावर सु. ३६,००० किमी. उंचीवरील भूस्थिर उपग्रह पृथ्वीच्या परिवलनाबरोबर फिरतो, त्यामुळे एकाच प्रदेशाची चित्रे त्याला वारंवार घेता येतात. दृश्य प्रकाशातील चित्रे केवळ दिवसा मिळतात. अवरक्त प्रारणाची चित्रे रात्रीही मिळतात व त्यांवरून ढगमाथ्यांचे तापमान कळते. माथा जितका थंड, तितका ढग उंच. दाट ढगांनी केंद्र झाकले गेल्यास ध्रुवीय कक्षेतील उपग्रहांवरील सूक्ष्मतरंग उपकरणे उपयोगी पडतात. मात्र हे उपग्रह एका ठिकाणावरून दिवसातून मोजक्याच वेळा जातात.

ढगांचे चित्र म्हणजे वाऱ्याचे मापन नव्हे. अमेरिकन वातावरणवैज्ञानिक व्हर्नन ड्व्होरॅक यांनी १९७०–८० या दशकात चित्रांवरून तीव्रता अजमावण्याची पद्धती विकसित केली. अभ्रपट्ट्यांनी केंद्राला घातलेला वेढा, तसेच वादळाचा ‘डोळा’ व भोवतालचे ढगमाथे यांच्या तापमानांतील फरक पाहून वादळास १ ते ८ पर्यंतचा टी-क्रमांक देतात. भारतीय प्रघातानुसार टी २.५ ला चक्री वादळ व टी ३.५ ला तीव्र चक्री वादळ मानतात. हे अखेर अनुमानच असल्याने त्यात त्रुटी राहू शकते.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर आलेले ‘निसर्ग’ वादळ हे याचे बोलके उदाहरण होय. १ जून २०२० रोजी अरबी समुद्रात अवदाब निर्माण झाला. २ जूनला त्याचे चक्री वादळात व ३ जूनला पहाटे तीव्र चक्री वादळात रूपांतर झाले. इन्सॅट-३डी व इन्सॅट-३डीआर या उपग्रहांच्या चित्रांवरून त्याचा मागोवा घेण्यात आला. भारतीय हवामानशास्त्र विभागाने ते हरिहरेश्वर ते दमण यांदरम्यान, अलिबागनजीक किनारा ओलांडील, असे पूर्वानुमान दिले होते. किनारा जवळ येताच मुंबई व गोवा येथील डॉप्लर रडारांची जोड मिळाली. ३ जून रोजी दुपारी १२·३० ते २·३० या वेळात वादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले. मुंबई मोठ्या हानीतून वाचली. श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा, दापोली या तालुक्यांत घरे व नारळी-पोफळीच्या बागा उद्ध्वस्त झाल्या. सर्वांत प्रखर वाऱ्याचा पट्टा केंद्राभोवती काही दशक किमी. एवढाच असतो, म्हणून स्थाननिश्चितीतील लहानशी चूकही किनाऱ्यावर निर्णायक ठरते.

तथापि निरीक्षणाने प्राण वाचतात, ते इशारा शेवटच्या माणसापर्यंत पोहोचला तरच. नोव्हेंबर १९७० मध्ये तत्कालीन पूर्व पाकिस्तानावर आदळलेले वादळ उपग्रहचित्रांत दिसले होते. तरीही परिणामकारक इशाऱ्याअभावी लाखो लोक मृत्युमुखी पडले. ‘निसर्ग’च्या वेळी मच्छीमारांना समुद्रात जाण्यास मनाई करण्यात आली व किनाऱ्यालगतच्या हजारो रहिवाशांना आधीच सुरक्षित स्थळी हलविण्यात आले.