चतुराचे हललेले फोटो

चतुर हवेत एका जागी थांबतो, एकदम पुढे झेपावतो, प्रसंगी मागेही सरकतो. मुले त्याला 'हेलिकॉप्टर' म्हणतात ते उगीच नाही. पण हेलिकॉप्टरचे पाते गोल फिरते, चतुराचे पंख वर-खाली होतात. या साध्या फरकाकडे लक्ष न दिल्यामुळे मी एकदा चांगलाच फसलो.

२००१ साली पदव्युत्तर वर्गात असताना प्रकल्पासाठी मी तळ्याकाठी बसून उडत्या चतुरांचे फोटो काढले. उडणाऱ्या चतुरामागे कॅमेरा घेऊन धावण्यात अर्थ नसतो. त्याऐवजी मादी अंडी घालते ती जागा शोधावी. मादी शेपटाचे टोक पुन्हा पुन्हा पाण्याला टेकवत असते, आणि कित्येक जातींत नर तिच्या वर वीतभर उंचीवर तरंगत पहारा देतो. दुसरा नर आला की त्याला हुसकावतो आणि परत त्याच जागी येतो. आपण सूर्य पाठीशी घेऊन बसायचे, त्या जागेवर फोकस पक्का करून ठेवायचा आणि वाट पाहायची. गुडघे दुखतात, पण फोटो मिळतात.

ऊन लख्ख असल्याने मी शटरचा वेग १/१००० सेकंद ठेवला होता. रोल धुऊन आला तेव्हा ३६ पैकी ३१ फोटोंत धड आणि डोळे उत्तम, पण पंखांच्या जागी नुसता धूसर पट्टा. पाच फोटोंत मात्र पंखावरची शीरन् शीर दिसत होती. हललेले ३१ मी बाजूला टाकले आणि पाच अहवालात चिकटवले. पाचही फोटोंत पंखांची एक जोडी वर आणि दुसरी खाली होती. तेव्हा मी खाली लिहून मोकळा झालो, की तरंगताना हा चतुर पंख असे फुलीसारखे ताणून धरतो. मार्गदर्शकांनी अहवाल चाळला आणि एवढेच विचारले, "उरलेले फोटो कुठे आहेत?"

झोपाळा आठवा. दोन्ही टोकांना तो क्षणभर थांबतो आणि मध्यावर सर्वांत वेगात असतो. पंखाचेही तसेच. वर किंवा खाली पोचल्यावर दिशा बदलताना त्याचा वेग जवळजवळ शून्य होतो, म्हणून तेवढ्याच क्षणी तो १/१००० सेकंदात स्पष्ट उमटतो. मी स्पष्ट फोटो निवडले म्हणजे नकळत फक्त टोकांचे क्षण निवडले! पुढे हिशेब केला. पंखाची हालचाल झोपाळ्यासारखी धरली, तर त्याचा वेग कमाल वेगाच्या पाचव्या हिश्शाहून कमी असतो तो काळ एकूण काळाच्या सुमारे १३ टक्के भरतो. ३६ चे १३ टक्के म्हणजे जवळपास पाच. फोटो नशिबाने चांगले आले, असे मी समजत होतो.

एक जोडी वर असताना दुसरी खाली असणे ही गोष्ट मात्र खरी होती. माशी किंवा मधमाशी यांचे मुख्य उड्डाण-स्नायू छातीच्या कवचाचा आकार बदलतात आणि त्यातून पंख हलतात. चतुराचे स्नायू थेट पंखांच्या मुळाशी जोडलेले असतात, त्यामुळे पुढची आणि मागची जोडी वेगवेगळ्या तालात हलवणे त्याला जमते. नॉरबर्ग या शास्त्रज्ञाने १९७५ साली एका जागी तरंगणाऱ्या चतुराच्या जलद चित्रफितीचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातही दोन्ही जोड्या एकमेकींच्या नेमक्या उलट हलत होत्या.

मग ३१ फोटो पाकिटातून बाहेर काढले. त्यांतला धूसर पट्टा म्हणजे १/१००० सेकंदात पंखाने कापलेले अंतर. माझा चतुर ४.५ सेंमी लांब होता आणि छापलेल्या फोटोत तो ९ सेंमी होता, म्हणजे फोटो दुप्पट मोठा. सर्वांत रुंद पट्टा पंखाच्या टोकाशी ७ मिमी भरला. प्रत्यक्षात ३.५ मिमी. एवढे अंतर १/१००० सेकंदात, म्हणजे वेग सेकंदाला ३.५ मीटर. स्पष्ट फोटोंवरून टोकाचा वरपासून खालपर्यंतचा प्रवास ४ सेंमी मिळाला होता. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना सरल आवर्त गतीचे सूत्र ठाऊक असते: कमाल वेग = ३.१४ × वारंवारता × हा प्रवास. त्यावरून सेकंदाला सुमारे २८ फडफडी निघाल्या. हललेल्या फोटोंवाचून हा आकडा मिळालाच नसता. (अर्थात पंख कॅमेऱ्याच्या दिशेने तिरका हलत असेल, तर पट्टा खऱ्यापेक्षा आखूड दिसतो. म्हणून चतुर नेमका बाजूने दिसणारेच फोटो मोजावेत.)

पंख मधल्या स्थितीतही गोठवायचे असतील तर शटर पुरत नाही, फ्लॅश लागतो. ब्रिटिश छायाचित्रकार स्टीफन डाल्टन यांनी १९७० च्या दशकात १/२५,००० सेकंद टिकणारा फ्लॅश वापरून उडत्या कीटकांचे फोटो घेतले. तेवढ्या वेळात आपल्या चतुराच्या पंखाचे टोक फक्त ०.१४ मिमी सरकेल.

शाळेत याची गरज नाही. हल्लीच्या अनेक मोबाइलमध्ये सेकंदाला २४० चित्रे घेणारी संथगती चित्रफीत काढता येते. म्हणजे एका फडफडीची आठ-नऊ चित्रे. ती एकेक करून पाहिली की पुढची जोडी केव्हा खाली जाते आणि मागची केव्हा, हे मुलांना स्वतः मोजता येईल. मग त्याच चतुराची साधी, सेकंदाला ३० चित्रांची फीतही काढा. पंख अगदी सावकाश हलताना, क्वचित जवळजवळ थांबलेले दिसतील. असे का, ते वर्गाला विचारून पाहा.