केबलच्या भोकातून आग वर चढते

स्प्रिंक्लर, पंप, अलार्म डोळ्यांना दिसतात. आग अडवून धरणारी भिंत, दार आणि स्लॅब नुसते उभे असतात, म्हणून त्यांची कुणी विचारपूस करत नाही.

सगळ्यात बेभरवशाची जागा म्हणजे इलेक्ट्रिक डक्ट, मजल्यामजल्यांतून केबल वर नेणारी उभी पोकळी. राष्ट्रीय इमारत संहिता 2016 (भाग 4) नुसार ती प्रत्येक मजल्यावर बंद हवी आणि बुजवण्याचं साहित्य स्लॅबइतकाच वेळ आगीला तोंड देणारं हवं. प्रत्यक्षात ताबा मिळाल्यावर इंटरनेटवाला येतो, भोक पाडून केबल ओढतो आणि तसंच टाकून जातो. फार तर पिवळा फोम मारतो. साधा पीयू फोम स्वतःच पेटतो! तिथे इंट्युमेसंट सीलंट लागतं. ते तापलं की फुगतं आणि केबलचं आवरण जळून गेल्यावर उरलेली फट भरून काढतं.

दाराचंही तसंच. जिन्याचं फायर डोअर दोन तासांच्या चाचणीत पास झालेलं असलं, तरी खाली वीट लावून उघडं ठेवलं की जिना धुराने भरणारच.

महाराष्ट्रात 2006च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे परवानाधारक एजन्सीचा फॉर्म बी, म्हणजे अग्निसुरक्षा यंत्रणा ठीक असल्याचं प्रमाणपत्र, दर जानेवारीत आणि जुलैत द्यावा लागतो. तपासणीच्या दिवशी सोसायटीच्या सेक्रेटरीने डक्टचं दार उघडायला लावावं, टॉर्च वर मारावी. वरच्या मजल्यापर्यंत आरपार दिसलं, तर आधी भोक बुजवून घ्यावं, मग कागद घ्यावा.