स्वमग्न विद्यार्थ्यांचे शाळेतील पुनरागमन : पूर्वतयारी आणि शिक्षकांची भूमिका

प्रस्तावना

महाराष्ट्रात उन्हाळी सुट्टीनंतर जून महिन्यात शाळा सुरू होतात. नवी पुस्तके, नवा वर्ग आणि मित्रांची भेट यांमुळे बहुतेक मुलांना हा दिवस आनंदाचा वाटतो. स्वमग्नता अर्थात ऑटिझम असलेल्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने मात्र तोच दिवस अतिशय कठीण ठरू शकतो. प्रस्तुत लेखात या अडचणीची कारणे आणि शाळेने करावयाची पूर्वतयारी यांचा विचार केला आहे.

स्वमग्नतेचे स्वरूप

लिओ कॅनर या बालमानसोपचारतज्ज्ञाने १९४३ साली अकरा मुलांच्या निरीक्षणांवर आधारित निबंध प्रसिद्ध केला. भोवतालचे सर्व काही पूर्वीसारखेच राहावे, ही त्या मुलांची तीव्र ओढ त्याने त्यात नोंदविली. स्वमग्नता ही मेंदूच्या विकासातील भिन्नता असून तिचे स्वरूप प्रत्येक मुलात वेगळे असते. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ मध्ये निदान-पुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत आवाज, प्रकाश, स्पर्श इत्यादींबाबतच्या कमी-अधिक संवेदनशीलतेचाही निकषांत समावेश केला.

परतताना येणाऱ्या अडचणी

सुट्टीत घरचा दिनक्रम अंगवळणी पडलेला असतो. जूनमध्ये वर्गखोली, शिक्षक, बाक आणि वेळापत्रक हे सारे एकाच दिवशी बदलते. त्यात घंटेचा कर्कश आवाज, प्रार्थनेच्या वेळचा ध्वनिक्षेपक, पत्र्यावर कोसळणारा पाऊस, ओला रेनकोट आणि नव्या गणवेशाचे खरखरीत कापड यांची भर पडते. हा ताण असह्य झाला की मूल कान झाकते, ओरडते, वर्गाबाहेर पळते किंवा अगदी गप्प होते. या वर्तनाला हट्ट वा बेशिस्त समजून शिक्षा केल्यास ताण वाढतो, शाळेविषयी भीती बसते आणि प्रसंगी शिक्षणच खंडित होते.

उपाययोजना

तयारीचा आरंभ शाळा उघडण्यापूर्वीच व्हावयास हवा. पालकांनी झोपेच्या व जेवणाच्या वेळा हळूहळू शाळेनुसार आणाव्यात. रिकाम्या शाळेला एक-दोनदा भेट द्यावी. नव्या शिक्षकांचे, वर्गाचे व स्वच्छतागृहाचे छायाचित्र मुलाला दाखवावे. मूल कशाने अस्वस्थ होते आणि कशाने शांत होते, याची एक पानी नोंद वर्गशिक्षकांना द्यावी.

वर्गात चित्रवेळापत्रक उपयुक्त ठरते. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात एरिक शॉपलर यांनी विकसित केलेल्या 'टीच' पद्धतीत अशा दृश्य मांडणीला महत्त्वाचे स्थान आहे. आता कोणता तास आहे आणि पुढे काय होणार, हे चित्रांतून दिसल्याने अनिश्चितता कमी होते. बदल शक्यतो आदल्या दिवशी सांगावा. बसण्याची जागा निश्चित असावी आणि ताण वाढल्यास जाण्यासाठी शांत कोपरा असावा. 'नीट वाग' या मोघम सूचनेऐवजी 'वही उघड' अशी एका वेळी एकच स्पष्ट सूचना द्यावी. नजरेला नजर भिडविण्याची सक्ती करू नये. पहिला आठवडा सुरळीत गेला म्हणून हे आधार लगेच काढून घेणे योग्य नव्हे.

कायदेशीर आधार

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये मान्य केलेल्या २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांत स्वमग्नतेचा समावेश आहे. त्याच्या कलम १६ नुसार विद्यार्थ्याच्या गरजेप्रमाणे वाजवी सोयी पुरविणे हे शासनाच्या निधीवर चालणाऱ्या वा शासनमान्य शैक्षणिक संस्थांचे कर्तव्य आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना मनाई केली आहे. म्हणजेच वरील उपाय ही शिक्षकाची कृपा नसून विद्यार्थ्याचा हक्क आहे.

समारोप

पुनरागमनाचे यश केवळ मुलाच्या जुळवून घेण्यावर अवलंबून नसते. शाळा किती बदलते यावरही ते ठरते. महाविद्यालयीन अध्यापकांसाठीही हा विषय दूरचा नाही. अध्यापक महाविद्यालयांतून उद्याचे शिक्षक घडतात आणि आज शाळेत टिकलेला स्वमग्न विद्यार्थीच उद्या महाविद्यालयाच्या दाराशी येतो. तेथेही नवे वेळापत्रक, मोठे वर्ग आणि गोंगाट त्याची वाट पाहत असतात. म्हणून प्रवेशापूर्वीची भेट, लेखी वेळापत्रक आणि एक परिचित अध्यापक एवढी किमान व्यवस्था प्रत्येक महाविद्यालयानेही करणे अगत्याचे आहे.