पेशीच्या मुदपाकखान्यातील घुसखोर

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. सतरा दिवसांचे एक बाळ दूध ओढत नाही म्हणून माझ्याकडे आणले गेले. ताप नव्हता, अंगावर एकही फोड नव्हता. जंतुदोष समजून मी प्रतिजैविके सुरू केली. दुसऱ्या दिवशी आकडी आली. चौथ्या दिवशी टाळूवर बारीक पाणीदार फोड उमटले, तेव्हा निदान झाले, पण वेळ निघून गेली होती. बारशाच्या दिवशी ओठावर पुटकुळ्या असलेल्या आजीने बाळाचा मुका घेतला होता. ‘ताप बाहेर पडलाय’, एवढाच त्या पुटकुळ्यांचा घरातील अर्थ.

दोन-तीन दिवसांनी एवढा फरक का पडावा? याचे उत्तर पेशीच्या आत दडलेले आहे.

आपली पेशी हा अखंड चालणारा मुदपाकखाना. केंद्रकातून संदेशवाहक आरएनएच्या चिठ्ठ्या येतात आणि रायबोसोम त्यांबरहुकूम प्रथिने रांधतात. हर्पिस सिम्प्लेक्स विषाणू येथे रिकाम्या हाताने शिरत नाही. त्याच्या कवचाखालील थरात ‘व्हीएचएस’ नावाचे प्रथिन तयारच असते. रीड आणि फ्रेंकेल यांनी १९८३ साली या प्रथिनात दोष असलेले विषाणू वेगळे काढले, तेव्हा त्याचे कार्य उजेडात आले. विषाणूचे एकही जनुक कार्यरत होण्यापूर्वीच हे प्रथिन यजमानाच्या चिठ्ठ्या फाडू लागते. इंटरफेरॉनसारखी धोक्याची घंटा वाजवणारी प्रथिने त्यामुळे पुरेशी तयारच होत नाहीत. पुढे ‘आयसीपी२७’ हे दुसरे प्रथिन नव्या चिठ्ठ्यांची जुळणीही बिघडवते.

पेशीही स्वस्थ बसत नाही. विषाणूचा दुपदरी आरएनए ओळखून तिचे ‘पीकेआर’ हे विकर सगळ्या चुलीच विझवू पाहते: स्वतः उपाशी राहीन, पण चोराला जेवू घालणार नाही! परंतु विषाणूचे ‘आयसीपी३४.५’ हे प्रथिन त्या चुली पुन्हा पेटवते. घर यजमानाचे, शिधा यजमानाचा, पंगत मात्र विषाणूची.

याच ज्ञानातून औषधही जन्मले. ‘आयसीपी३४.५’ काढून टाकलेल्या हर्पिस विषाणूला अमेरिकेत २०१५ साली मेलानोमा या कर्करोगावरील उपचार म्हणून मान्यता मिळाली.

असायक्लोव्हिर विषाणूच्या डीएनएची नक्कल थांबवते. उद्ध्वस्त झालेली चेतापेशी ते परत आणू शकत नाही. म्हणूनच संशय येताच, फोडांची किंवा पीसीआरच्या अहवालाची वाट न पाहता, ते शिरेतून सुरू करावे: दिवसाला किलोमागे ६० मिलिग्रॅम, तीन भागांत, मेंदूचा किंवा सर्वांगीण संसर्ग असल्यास किमान २१ दिवस.

बहुतेक नवजातांना हा संसर्ग प्रसूतीच्या वेळी मातेकडून होतो. सुमारे १० टक्के बाळांना तो जन्मानंतर, मायेच्याच माणसांकडून होतो. ओठावर पुटकुळ्या असतील त्याने बाळाचा मुका घेऊ नये, बाळाला घेण्यापूर्वी हात धुवावेत, इतके साधे पथ्य.

त्या आजीने मला विचारले होते, “डॉक्टर, माझ्यामुळे झालं का हो?” मी नजर चुकवली. आज सांगेन, “आजी, तुम्हाला कोणी सांगितलेच नव्हते. सांगायचे काम आमचे होते.” आता प्रत्येक बाळंतिणीला घरी पाठवताना मी ते सांगतो.